संगणक आणि वस्तू-डिझाइन यांची मास्टर्स पदवी : अर्जाची तयारी कशी करावी?



व्यापाराच्या पानावर शिक्षणाचा लेख कशासाठी, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर कापडाच्या गठ्ठ्यात आहे. एटापल्लीच्या बाजारात विकली जाणारी छापील साडी बहुधा सुरतेहून येते. तिच्यातले सूत, रंग, छपाईची मजुरी, गाडीभाडे आणि दुकानदाराचा नफा यांचा हिशेब कोणीही मांडू शकतो. पण एकाच सुताच्या आणि एकाच वजनाच्या दोन साड्यांपैकी एक आठवड्यात संपते आणि दुसरी दिवाळीपर्यंत कपाटात पडून राहते. फरक नक्षीचा असतो. ती नक्षी आज संगणकावर तयार होते. जो नक्षी ठरवतो तोच भाव ठरवतो. विणणारा, शिवणारा आणि विकणारा हे तिघेही त्या ठरलेल्या भावात आपापली मजुरी शोधतात.

कपड्याचे जे झाले तेच लाकूडकामाचे, लोखंडकामाचे आणि दुरुस्तीच्या धंद्याचे होत आहे. वस्तूच्या पोटात आता संगणक शिरला आहे. शिलाई मशीन, पंप, वजनकाटा, दवाखान्यातले यंत्र, सगळ्यांना पडदा आणि बटणे आली. वस्तूचा आकार कसा असावा आणि तिच्यातला संगणक माणसाशी कसा बोलावा, या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवणारी मास्टर्स पदवी आपल्या महाराष्ट्रातच मिळते. तिच्यासाठी अर्ज कसा करायचा, हे प्रस्तुत लेखात क्रमाने सांगतो. एक गोष्ट सुरुवातीलाच नमूद करतो. कारागिराच्या घरातल्या मुला-मुलीकडे या अर्जाचा अर्धा ऐवज आधीपासूनच असतो. फक्त तो कागदावर मांडलेला नसतो.

हा अभ्यासक्रम नेमका काय आहे?

मुंबईत पवई येथे आय.आय.टी.च्या आवारात इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर म्हणजे आय.डी.सी. ही संस्था १९६९ साली सुरू झाली. तिच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. जे. जे. कलाशाळेत शिकून ते पुढे जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध डिझाइन शाळेत शिकले होते. आज ही संस्था आय.डी.सी. स्कूल ऑफ डिझाइन या नावाने ओळखली जाते. येथे 'मास्टर ऑफ डिझाइन' म्हणजे एम.डेस. ही दोन वर्षांची पदवी मिळते. तिच्या शाखांपैकी दोन आपल्या विषयाच्या आहेत. पहिली इंडस्ट्रियल डिझाइन, म्हणजे वस्तूंची रचना. दुसरी इंटरअ‍ॅक्शन डिझाइन, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातल्या व्यवहाराची रचना. संगणक आणि वस्तू यांची गाठ या दुसऱ्या शाखेत पडते.

या शिक्षणातून काय घडते, याची उदाहरणे आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत.

पहिले उदाहरण मतदान यंत्राचे. निवडणुकीत गडचिरोली जिल्ह्याच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने पोहोचवली जातात आणि त्यांच्याबरोबर हे यंत्र जाते. त्याच्या बाह्य रूपाची रचना आय.डी.सी.च्या प्राध्यापकांनी केली. चिन्हासमोर बटण आणि बटणाशेजारी दिवा, एवढ्या साध्या मांडणीमुळे अक्षरओळख नसलेली म्हातारी बाईही कोणाला न विचारता मत देऊन येते.

दुसरे उदाहरण रुपयाच्या चिन्हाचे. जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने जे चिन्ह मंजूर केले, ते डी. उदय कुमार यांनी काढलेले होते. त्या वेळी ते आय.डी.सी.तच संशोधन करीत होते. आपण व्यापारी ते चिन्ह आता प्रत्येक बिलावर छापतो.

तिसरे उदाहरण अक्षरांचे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे जे. जे.मध्ये तयार झालेले सुलेखनकार. त्यांनी आय.डी.सी.त अनेक वर्षे अध्यापन केले. पुढे विंडोज संगणकावर देवनागरीसाठी आलेला 'मंगल' हा फाँट त्यांनी केला. बोरू हाती धरणाऱ्या माणसाने संगणकाला देवनागरी लिहायला शिकवले, असे म्हणण्यास हरकत नाही. मोबाइलवर मराठी टाइप करण्याचा 'स्वरचक्र' हा कळफलकही याच संस्थेतला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उघडते.

या तिन्ही ठिकाणी आधी माणसाची अडचण पाहिली गेली आणि यंत्र नंतर आले. या पदवीचा गाभा हाच आहे.

माग आणि संगणक यांचे नाते

संगणक आपला प्रांत नव्हे, असे पुष्कळ कारागीर म्हणतात. इतिहास तसे सांगत नाही. फ्रान्समधील ल्यों शहरात जोझेफ जाकार याने १८०४ च्या सुमारास जो माग तयार केला, त्यात नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर साठवलेली असे. जेथे भोक तेथे धागा उचलायचा, जेथे भोक नाही तेथे तो खाली ठेवायचा. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी हीच पत्त्यांची युक्ती उचलली. पुढे १८९० साली अमेरिकेची जनगणना भोकांच्या पत्त्यांवर मोजली गेली. 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांनी सगळे काम चालवणे हे आजच्या संगणकाचेही तत्त्व आहे.

जाकारच्याही आधी आपल्याकडे जाला होता. औरंगाबादी हिमरू विणणारे कारागीर नक्षी दोऱ्यांच्या गाठींत बांधून ठेवत आणि मागावरचा साथीदार त्या क्रमाने दोरे ओढत असे. नक्षी एकदा बांधली की ती पुन्हा पुन्हा विणता येई. आज प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा वेगळे काय करतो?

संगणकाचा पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेत तयार झाला. त्याचे कवच लाकडाचे होते. नवी वस्तू आधी सुतारकामातूनच आकार घेते. म्हणून ज्याच्या घरात रंधा, कात्री किंवा वेल्डिंग मशीन आहे, त्याच्या घरात डिझाइनची प्रयोगशाळा आहे असे समजावे.

पात्रता : दोन दारे आहेत हे ध्यानात ठेवा

प्रवेशासाठी 'कॉमन एन्ट्रन्स एक्झामिनेशन फॉर डिझाइन' ही परीक्षा द्यावी लागते. तिला थोडक्यात 'सीड' म्हणतात. ती आय.आय.टी. मुंबई घेते. परीक्षेला बसण्यासाठी बारावीनंतर किमान ३ वर्षांची पदवी किंवा पदविका पूर्ण झालेली असावी, किंवा उमेदवार शेवटच्या वर्षाला असावा. जी.डी. आर्ट झालेल्यांना एक वर्षाच्या कामाच्या अनुभवासह बसता येते. वयाची अट नाही. कितीही वेळा परीक्षा देता येते. गुण मात्र एकाच वर्षासाठी धरले जातात.

येथे पुष्कळांची गफलत होते. परीक्षेला बसण्याची पात्रता हे पहिले दार आणि संस्थेत प्रवेशाची पात्रता हे दुसरे दार. ३ वर्षांचा बी.ए. किंवा बी.कॉम. झालेला मुलगा परीक्षेला बसू शकतो, पण काही संस्थांत आणि काही शाखांत अभियांत्रिकी, वास्तुकला, डिझाइन किंवा ललितकलेची ४ वर्षांची पदवी मागतात. तेव्हा फी भरण्यापूर्वी ज्या संस्थेत जायचे तिची त्या वर्षाची माहितीपुस्तिका पाहावी आणि आपली पदवी त्या यादीत आहे की नाही याची खात्री करून घ्यावी.

सीडच्या गुणांवर अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. मुंबईशिवाय दिल्ली, कानपूर, गुवाहाटी, हैदराबाद येथील आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि जबलपूरची ट्रिपल आय.टी. या त्यांपैकी काही. अहेरी-सिरोंच्याकडील मंडळींचा तेलंगणाशी रोजचा व्यवहार असतो. त्यांना हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (एन.आय.डी.) प्रवेशपरीक्षा मात्र वेगळी असते आणि तिचा अर्जही स्वतंत्र करावा लागतो.

मुलगा अजून दहावीत असेल तर रस्ता आणखी मोकळा आहे. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा द्याव्यात. दहावीनंतर पॉलिटेक्निक, तेथून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी, आणि मग सीड, हा पहिला मार्ग. निव्वळ पॉलिटेक्निकची पदविका सीडला चालत नाही, हे लक्षात असू द्यावे. चंद्रपूरला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दुसरा मार्ग बारावीनंतर 'यूसीड' परीक्षा देऊन डिझाइनच्याच पदवीला जाण्याचा. त्या परीक्षेला कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांची मुले बसू शकतात.

परीक्षेचे स्वरूप

गेल्या काही वर्षांची पद्धत अशी आहे. अर्ज ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि नोव्हेंबरात बंद होतात. परीक्षा जानेवारीतल्या एका रविवारी असते आणि निकाल मार्चमध्ये लागतो. नागपूर हे परीक्षेचे केंद्र असते. एटापल्लीहून जाणाऱ्याने आलापल्ली-चंद्रपूरमार्गे आदल्या दिवशीच नागपूर गाठावे. जंगलातल्या रस्त्यावर बसचा भरवसा धरून सकाळच्या परीक्षेला निघू नये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग उमेदवारांना परीक्षेची फी निम्मी असते.

परीक्षा दोन भागांत होते. भाग 'अ' १ तासाचा असून संगणकावर सोडवायचा असतो. त्यात आकारांची समज, निरीक्षण, तर्क, सामान्यज्ञान आणि भाषा यांवर प्रश्न असतात. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून तो उघडला तर कसा दिसेल, असा प्रश्न शिंप्याच्या मुलीला सोपा वाटला तर नवल नाही. भाग 'ब' २ तासांचा असून कागदावर हाताने सोडवायचा असतो. त्यात चित्र काढणे, कल्पकता, अडचण ओळखणे आणि आपले म्हणणे रेखाटनातून समजावणे हे पाहिले जाते. भाग 'अ' मध्ये ठरावीक गुण मिळाले तरच भाग 'ब' तपासला जातो. अंतिम गुणांत 'अ' चा वाटा २५ टक्के आणि 'ब' चा ७५ टक्के असतो. म्हणजे तीन चतुर्थांश गुण पेन्सिलीने मिळवायचे आहेत.

मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. किमान ५ वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. महागड्या शिकवणीवाचूनही तयारी होऊ शकते. रोज एक तास चित्र काढण्याला मात्र पर्याय नाही. बाजारात बसलेली माणसे, सायकलची साखळी, बुरुडाचे सूप, दुकानातला गझ आणि कात्री, जे समोर दिसेल ते रेखाटावे.

पोर्टफोलिओ : कच्ची वही आणि पक्की वही

सीडचा निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला असे नाही. प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तेथे निवड झालेल्यांना अभिरुची चाचणी आणि मुलाखतीसाठी बोलावतात. मुलाखतीला आपल्या कामाचा संग्रह न्यावा लागतो. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. आपली मुले बहुधा याच टप्प्यावर बिचकतात. त्यांना वाटते, आपल्याकडे दाखवण्यासारखे काही नाही.

आपण व्यापारी दोन वह्या ठेवतो. कच्च्या वहीत दिवसभराच्या नोंदी, खाडाखोड आणि उधारीच्या खुणा असतात. पक्की वही स्वच्छ असते. प्राप्तिकरवाल्याला आपण पक्की वही दाखवतो. पोर्टफोलिओ पाहणाऱ्या परीक्षकाला मात्र कच्ची वही आधी हवी असते. तयार वस्तूचा चकाकता फोटो त्याला पुरत नाही. अडचण कोठे दिसली, कोणाशी बोललात, पहिला नमुना का फसला, दुसऱ्यात काय बदलले, हे त्याला पाहायचे असते. ज्याने घरी उस्तादाच्या हाताखाली तीन वेळा उसवून चौथ्यांदा शिवले आहे, त्याच्याकडे ही कच्ची वही डोक्यात तयारच असते. ती कागदावर उतरवली की पोर्टफोलिओ झाला.

आपल्या भागातलेच एक उदाहरण घेऊन कृती सांगतो.

उन्हाळ्यात तेंदूचा हंगाम येतो आणि काही आठवड्यांत संपतो. माडिया कुटुंबे पहाटे जंगलात जाऊन पाने तोडतात, ७० पानांचा एक पुडा बांधतात आणि फळीवर आणून ओळीने मांडतात. फळी मुन्शी पुडे मोजून कार्डावर लिहितो. १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. वनहक्क कायदा (२००६) आणि पेसा कायदा (१९९६) यांमुळे येथल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा व्यवहार आता स्वतः करतात. म्हणजे हिशेब ठेवण्याची जबाबदारीही गावावर आली. पाने तोडणाऱ्या बाईला कार्डावरचा आकडा वाचता येत नसेल, तर तिच्या मजुरीचा हिशेब दुसऱ्याच्या शब्दावर चालतो. संगणक आणि वस्तू-डिझाइन यांनी मिळून सोडवावी अशी ही अडचण आहे.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घेतला. त्याने पुढील क्रमाने जावे.

१) पाहणी. ग्रामसभेची परवानगी घेऊन तीन-चार दिवस फळीवर बसावे. कोण कोठे उभे राहते, मोजणी कशी होते, वाद कोठे होतो, याची रेखाटने करावीत. लोकांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत.

२) अडचण एका वाक्यात लिहावी. 'तेंदू हिशेबाचे अ‍ॅप' ही अडचण नव्हे, तो उपाय झाला. 'मोजलेला आकडा बाईला स्वतः पडताळून पाहता येत नाही', ही अडचण.

३) हाताने नमुना करावा. बांबूच्या कामट्या आणि मणी यांची मोजपट्टी करून पाहावी. दर १०० पुड्यांना एक मणी सरकवायचा. पुठ्ठ्याचा मोबाइल करून त्यावर चित्रांचा पडदा चिकटवावा. बोट कोठे जाते ते पाहावे.

४) नमुना फसू द्यावा आणि कसा फसला ते लिहून ठेवावे. उन्हात पडदा दिसला नाही, पानांच्या चिकामुळे बोटे चिकटली, नेटवर्क नव्हते. फळीवर नेटवर्क मिळेल हे गृहीत धरणारा उपाय आपल्या भागात पहिल्याच दिवशी बंद पडेल.

५) मग संगणकाकडे यावे. विनानेटवर्क चालणारा छोटा प्रोग्रॅम, मोठी चित्रे, आकडा माडिया भाषेत बोलून दाखवणारा आवाज. जमल्यास आर्डुइनोवर बटणांची छोटी पेटी. आर्डुइनो हे स्वस्त इलेक्ट्रॉनिक पान २००५ साली इटलीत इवरेआ गावच्या इंटरअ‍ॅक्शन डिझाइनच्याच शाळेत जन्मले. इंजिनियर नसलेल्या विद्यार्थ्यांना यंत्र जोडता यावे, हाच त्याचा हेतू होता.

६) पुन्हा फळीवर जावे, त्याच बायकांना ते वापरायला द्यावे आणि त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहावे.

असे एक काम ६ ते ८ पानांत मांडले की ते दहा सुंदर चित्रांना भारी पडते. पोर्टफोलिओत अशी चार-पाच कामे पुरेत. विषय आपल्या धंद्यातून काढावेत. शिंप्याची मापाची वही मोबाइलवर कशी यावी; रजईवाल्या मन्सुरी बांधवाच्या पिंजण यंत्राची धूळ कारागिराच्या छातीत कशी जाऊ नये; आरमोरीकडच्या कोशाच्या कापडावर आपली स्वतःची नक्षी कशी यावी; बुरुडाच्या बांबू चिरण्याच्या हत्याराची मूठ हाताला कशी बसावी. बांबूवर तर आय.डी.सी.तही पुष्कळ काम झाले आहे. मुलाखत घेणाऱ्याला बांबू नवा नाही. पण बांबूच्या जंगलात वाढलेला उमेदवार त्याला रोज भेटत नाही.

काही पथ्ये पाळावीत. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवू नये. वडिलांनी केलेली वस्तू असेल तर 'वडिलांचे काम, त्यातला माझा वाटा एवढा' असे स्पष्ट लिहावे. हल्ली संगणकाला सांगून आयती चित्रे काढून घेता येतात. तशी चित्रे भरली तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पाय घसरतो. वस्तूच्या फोटोशेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे माप कळते. कागद साधा चालेल, पण मांडणी स्वच्छ असावी.

उद्देशपत्र आणि मुलाखत

काही संस्था अर्जासोबत उद्देशपत्र मागतात. 'मला लहानपणापासून डिझाइनची आवड आहे' हे वाक्य तेथे शेकडो जण लिहितात. त्याऐवजी आपण काय पाहिले, काय करून पाहिले आणि या शाळेतून काय शिकायचे आहे, हे तीन परिच्छेदांत लिहावे. एटापल्ली कोठे आहे हे लपवू नये. आकांक्षी पत्राची भाषा नसली तरी चालेल, खरी माहिती असावी.

मुलाखतीत 'हे असेच का केले?' हा प्रश्न हटकून येतो. त्यावर वाद घालू नये, आणि लगेच मान तुकवून 'चुकले' असेही म्हणू नये. गिऱ्हाईकाने भाव विचारल्यावर आपण माल उलगडून दाखवतो, तसे आपले कारण उलगडून दाखवावे.

इंग्रजीचा प्रश्न

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. त्यामुळे उर्दू किंवा मराठी शाळेत शिकलेल्या मुलांची भीती मला ठाऊक आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, ही गोष्ट खरी. पण तिला लागणारे इंग्रजी साहित्याचे नव्हे, कामाचे असते. मागच्या प्रश्नपत्रिकांतून आकार, दिशा, पोत, साहित्य आणि कृती यांचे ४००-५०० शब्द काढून वहीत लिहावेत आणि प्रत्येकासमोर चित्र काढावे. सहा महिन्यांत हे होते. भाग 'ब' मध्ये रेखाटनच अधिक बोलते.

उर्दू लिहिणाऱ्याला एक फायदाही आहे. उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे अशा दोन्ही दिशांनी त्याचा डोळा आणि हात चालतो. उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही लिप्यांत चालणारे बिल किंवा दवाखान्याचा कागद कसा मांडावा, हा त्याच्यासाठी पोर्टफोलिओचा उत्तम विषय ठरेल.

शिकण्याची साधनेही फुकट आहेत. आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीसह अनेक भारतीय भाषांतून संगणकाचे पाठ मिळतात. चित्रासाठी इंकस्केप, त्रिमितीसाठी ब्लेंडर, प्रोग्रॅमसाठी पायथन, ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. आय.डी.सी.च्या 'डी-सोर्स' या संकेतस्थळावर देशभरातील हस्तकलांची सचित्र माहिती आहे. पावसाळ्यात नेटवर्क जाते, म्हणून चंद्रपूर-नागपूरला गेल्यावर पाठ उतरवून घ्यावेत.

दाखले आणि पैसा

केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गाला २७ टक्के, अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा राखीव असतात. आपल्यातील अनेक कारागीर जाती इतर मागासवर्गात मोडतात. मात्र राज्याच्या यादीत नाव असणे पुरेसे नाही. केंद्राच्या यादीत आपली जात आहे का ते पाहावे आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातच घ्यावा. हा दाखला चालू आर्थिक वर्षाचा मागतात, म्हणून एप्रिल लागताच महसूल कार्यालयात अर्ज टाकावा. जातीचा जुना पुरावा शोधायला वेळ लागतो. तो शोध परीक्षेच्या अर्जाबरोबरच सुरू करावा. शेजारच्या माडिया-गोंड कुटुंबातला मुलगा पदवीला असेल तर त्यालाही ही माहिती द्यावी.

खर्चाच्या बाजूला फी, वसतिगृह, जेवण आणि एक बरा संगणक धरावा. जमेच्या बाजूला संस्थेच्या फी-सवलती, आणि काही ठिकाणी अध्यापनात मदत करण्याबद्दल मिळणारे मासिक विद्यावेतन असते. दोन्हींची त्या वर्षाची रक्कम माहितीपुस्तिकेतून लिहून घ्यावी. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे, त्यांनी आधी फी-सवलत आणि विद्यावेतन यांचा हिशेब पूर्ण करावा आणि उरलेल्या रकमेसाठी बिरादरीतील शिक्षणनिधीकडे वेळेत जावे. ऐन जुलैत धावपळ केल्यास जागा हातची जाते.

दोन वर्षांचे वेळापत्रक

पहिले वर्ष : रोज चित्र, एक सॉफ्टवेअर, थोडे पायथन, उन्हाळ्यात एक पूर्ण प्रकल्प.

दुसरे वर्ष, एप्रिल ते सप्टेंबर : दाखले, दुसरा आणि तिसरा प्रकल्प, जुन्या प्रश्नपत्रिका.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : सीडचा अर्ज. शेवटच्या दिवशी नेटवर्क मिळेलच असे धरून बसू नये.

जानेवारी : परीक्षा. मार्च : निकाल आणि प्रत्येक संस्थेचा वेगळा अर्ज. त्यानंतर मुलाखती. जुलैच्या सुमारास वर्ग सुरू.

पालकांसाठी दोन शब्द

सर्वांत मोठी अडचण परीक्षेची नाही, पालकांची आहे. पदवी झाल्यावर मुलाला दुकानावर बसवले तर महिन्याचा एक पगार वाचतो, हा हिशेब मी व्यापारी म्हणून समजतो. मुलीच्या बाबतीत तर दोन वर्षे मुंबईला पाठवायचे की नाही, येथेच चर्चा संपते. सरकारी संस्थेत मुलींसाठी वेगळे वसतिगृह असते. ते पालकांनी स्वतः जाऊन पाहावे आणि मग निर्णय घ्यावा. न पाहता दिलेला नकार हा पारखून दिलेला नकार नव्हे.

आणि हेही ध्यानात घ्यावे की, मूल शिकले नाही म्हणून धंदा जागेवर राहील असे नाही. एटापल्लीचे रूप बदलते आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक दिवसरात्र धावतात, बांबू आणि तेंदू ग्रामसभांच्या हाती आले आहेत, नवी गिऱ्हाईके आणि नव्या गरजा तयार होत आहेत. त्या गरजांसाठी लागणारी वस्तू कोणीतरी आखणारच. ती मुंबई-बंगळूरच्या खोलीत बसून आखली गेली तर आपल्या वाट्याला पुन्हा विक्रीचे कमिशन येईल. आपल्याच घरातल्या कोणी फळीवर बसून आखली, तर भाव ठरवताना आपलाही शब्द असेल.

येत्या ऑक्टोबरात ज्याला अर्ज करायचा आहे, त्याने आज एक कोरी वही आणि एक पेन्सिल घ्यावी आणि आपल्या दुकानात किंवा कारखान्यात सर्वांत जास्त त्रास देणारी वस्तू कोणती, तिचे चित्र पहिल्या पानावर काढावे. अर्जाची सुरुवात त्या पानापासून होते.